मागचं इंजिन

दुकानात तराजूच्या वर एक चित्र चिकटवलं होतं,
जुन्या कॅलेंडरचं. तारखा कापून टाकलेल्या.
निळी, खेळण्याएवढी गाडी
आणि दोन्हीकडे चहाचे उतार.
बावीस वर्षं ती त्याच वळणावर.

नाशिकरोडला, जेलरोडच्या कोपऱ्यावर
मी ममरी आणि डस्ट पावशेर-पावशेर तोलत राहिले,
शिंकत राहिले.
चहाचं झाड असतं की झुडूप
असं कुणी विचारलं असतं
तर पुडी बांधता बांधता विषय बदलला असता.

हे इगतपुरीला. बँकरवर.
कसाऱ्याला गाडीच्या शेपटाला लागायचं,
घाटभर ढकलायचं,
वर आलं की सुटायचं,
मोकळ्यानं पुन्हा खाली.
लोक खिडक्यांतून धबधबे बघायचे, बोटं दाखवायचे.
ह्यांच्या पुढ्यात शेवटच्या डब्याची पाठ
आणि तिच्यावरची पिवळी फुली.
लग्नानंतर एकदा विचारलं होतं मी,
काय दिसतं हो घाटात?
म्हणाले, फुली.

रिटायर झाले त्या हिवाळ्यात गेलो.
मेट्टुपालयमला पहाटे थंडी, रांग, इडली.
मी खिडकी धरली आणि वर पिशवी ठेवली.
पुढे बघते तर इंजिनच नाही.
नुसता एक माणूस हिरवी झेंडी घेऊन बसलेला.
हे उतरले,
फलाटावरून मागे मागे चालत गेले,
आणि परत आले ते
सासरी माहेरचं माणूस भेटावं तशा चेहऱ्यानं.
अगं, मागून ढकलतंय!

मग डोंगर सुरू झाले.
कुणीतरी फणीनं भांग पाडल्यासारखे,
कमरेएवढ्या हिरव्यात बायका, पाठीला पोती,
बोटं अशी चाललेली की बघता बघता माझीच दुखली.
समोरचे एक म्हातारे, तोडकं हिंदी बोलणारे,
म्हणाले, हे झाडच आहे, ताई,
सोडलं तर तीस फूट जाईल.
हात पोचावा म्हणून कापतात.
मी बराच वेळ काही बोलले नाही.

ह्यांचं त्याकडे लक्षच नव्हतं.
उलट तोंड करून बसलेले, डोळे मिटून,
खालून येणारा श्वास मोजत.
आता दम भरतोय.
आता दात पकडले.
रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आहे म्हणे तिथे, चढाला.
आपल्याकडे दात नव्हते, म्हणाले,
आपण वाळू टाकायची
आणि पुढच्यावर भरवसा.

कुन्नूरला चहा घेतला, कागदी कपात.
पाणचट.
असला माल मी दिला असता
तर गोसावीवाडीतलं एक गिऱ्हाईक परत आलं नसतं.
तरी एक पान खुडून रुमालात बांधलं.

येताना कल्याणला गाडी बदलली.
शेवटचा डबा. ह्यांनी मुद्दाम मागितलेला,
मला सांगितलं नव्हतं.
कसाऱ्याला रात्रीचे अडीच. सगळा डबा घोरत होता.
मागून काहीतरी टेकलं,
झोपलेल्या पोराच्या पाठीवर हात टेकावा इतकंच.
हे अंधारात म्हणाले, गांगुर्डे.
एवढं हळू तोच लावतो.

बोगदे आले, गेले.
खिडकीत काहीच दिसत नव्हतं,
आणि हे काचेला नाक लावून ते बघत होते.

इगतपुरीला उतरले. मागे गेले.
मी दारात उभी, जीव सिग्नलकडे,
हातात दोन चहा, बोटं भाजतायत.
हलायच्या बेतात होती तेव्हा चढले.
गांगुर्डे नाही, म्हणाले. नवा पोरगा आहे कुणी.
मला ओळखलं नाही.

मग हळू लावायला शिकवलं कुणी त्याला?
मी विचारलं.

ह्यांनी कप घेतला.
फुंकर घालत राहिले,
चहा निवल्यावरही.