सतरा नंबरचा शिक्का

मॅनहोल साठ सेंटिमीटरचं.
आधी डोकं, मग एक खांदा,
मग जन्मासारखंच उरलेलं सगळं, फक्त उलट्या दिशेनं.
रेझी बाहेर दोरी धरून बसलाय, वहीत लिहितोय:
आत एक. ईया जुंबेरची. सात चाळीस.

टाकी आधी तुमचा श्वास परत करते.
मग बुटांचा आवाज, मग खोकला,
सगळं जरा उशिरानं,
ऐकू कमी येणाऱ्या म्हातारीनं
आपलं वाक्य खात्रीसाठी पुन्हा म्हणून बघावं तसं.

एरवी तेलावर तरंगणारं छप्पर
आज पायांवर उभं आहे.
दीडशे लोखंडी पाय, त्यांच्यामधून मी वाकून,
कपाळावर दिवा, हातात जेलीची बाटली.
वर बाटुमीचा पाऊस वाजतोय.
पाण्याचा नळ उघडा आहे ना, ते दोनदा विचारलं.
रेझी म्हणाला, तिसऱ्यांदा विचार, मग सांगतो.

जेली लावायची, यंत्र टेकवायचं, आकडा वाचायचा.
आठ. सात पूर्णांक नऊ. आठ. सात पूर्णांक सहा.
पत्रा खालून कुजतो, हे बाहेरच्यांना पटत नाही.
त्यांना वाटतं, तेलच खात असेल.
तेल बिचारं काय खाईल. ओल खाते,
वाळूखालची ओल, पन्नास वर्षं, अंधारात, सावकाश.

समुद्राकडच्या अंगाला, चौथ्या ओळीत,
तीन पूर्णांक चार.
मग दोन पूर्णांक एक.
मी यंत्र पुसलं. पुन्हा टेकवलं. दोन पूर्णांक एक.
खडूनं गोल काढायला वाकले,
नि सांध्याच्या कडेला, गाळ खरवडल्यावर,
ठोकलेला शिक्का दिसला: सतरा.

सतरा म्हणजे आमच्या घरी
कोटाच्या आतला नंबर, जेवणाच्या डब्यावरचा नंबर,
आईनं रागावून हाक मारायचा नंबर.
एकोणीसशे चौऱ्याहत्तर. ते एकवीस वर्षांचे.
सांधा सरळ, बोटभर रुंद, खवल्यांवर खवले,
कुठेही हात थरथरलेला नाही.
बाकी सगळं गेलेलं.

मी गोल काढला. काढायचाच होता.
रिपोर्टात लिहिलं: कापून काढणे,
नवा तुकडा, कोपरे गोल,
कारण टोकदार कोपऱ्यातून भेग निघते.
हे वाक्य मी आधी घरी ऐकलं होतं,
कॉलेजात नंतर.

संध्याकाळी बाल्कनीत सांगितलं.
ते बराच वेळ तेंदूचं फळ सोलत बसले.
मग विचारलं, सांधा गेला?
म्हटलं, सांधा नाही. पत्रा.
हं, म्हणाले. पत्रा मी नव्हता आणला.

नंतर रात्री, दाराच्या चौकटीला टेकून:
आमच्या वेळी तुमची ती काचेची पेटी नव्हती.
भिंतीच्या सांध्याला एका बाजूनं खडूचं पाणी, दुसऱ्या बाजूनं रॉकेल.
डाग उमटला की समजायचं, खोटं जमलंय.
माझा डाग एकदाच उमटला.
कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही.

कापलेला तुकडा मागता येत नाही.
भंगार मोजून जातं, किलोवर, सहीनिशी.
मी मागितला नाही. नजर मात्र ट्रकमागे
फाटकापर्यंत गेली.

नव्या सांध्यावर साबणाचं पाणी,
वर काचेची पेटी, आतली हवा ओढून घेतली.
एक मुलगा, जेमतेम वेल्डर, श्वास धरून उभा.
बुडबुडा नाही.
त्याचा नंबर दोनशे सहा.

आता टाकीत पाणी भरतोय, तेलाआधी पाणी,
जमिनीला वजनाची ओळख व्हावी म्हणून.
चोवीस खुणा, रोज सकाळी मापं.
समुद्राकडची बाजू अकरा मिलिमीटर खचली.
चालतं तेवढं.

जुंबेर बांधाच्या भिंतीवर येऊन बसतात,
आत यायची परवानगी नाही, हेल्मेटही नाही.
चौथ्या दिवशी मी विचारलं, काय ऐकता?
म्हणाले, गप्प बस जरा.
भरतेय.