मधला फ

शिंगाडे सरांनी फळ्यावर त्याचे चार तुकडे केले,
फि – नॉल्फ् – थॅ – लीन,
म्हणाले, आधी खालचा ओठ दाताखाली,
मग लगेच जीभ दाताला.
बावीस पोट्टे, नऊ पोट्ट्या,
तासभर आम्ही नुसती थुंकी उडवली.
फ निघाला की थ अडे,
थ निघाला की ओठ उघडाच राही,
ऐन चढावर चाक निखळलेल्या बंडीसारखा.

प्रयोगशाळेतले दशरूकाका नैताम
कोपऱ्यात ब्युरेट धूत असत.
ते सरळ म्हणत, फिनालथालीन.
मधला फ गिळून.
आम्ही हसायचो. सरही, मिशीत.
"होय बा, सांडला असन कुठी."

बाटलीवरची चिठ्ठी ॲसिडनं कधीच खाल्लेली.
काका बूच काढून हुंगत,
स्पिरिटचा वास आला की मान हलवत,
मोजून दोन थेंब.
मग केसाएवढी धार सोडून चंबू फिरवत राहत.
पाणी, पाणी, पाणी,
आणि थांब.
वासराच्या नाकपुडीत आत असतो ना,
तेवढाच गुलाबी.
"याच्या म्होरं गेली का वाया गेलं."

प्रॅक्टिकलला यवतमाळहून बाहेरचे सर आले.
शब्द मी म्हटला. अख्खा, फ सकट.
आदल्या रात्री न्हाणीत घोकत होते तेव्हा
आई बाहेरून ओरडली होती,
"कोनाले शिव्या देऊन रायली वं?"
सर खूश.
माझा चंबू मात्र लग्नातल्या शालूसारखा भडक.
काकांनी तो न बोलता मोरीत ओतला,
नवा भरून ठेवला
आणि सरांच्या आड येऊन
उगाच टेबल पुसत राहिले.

यंदा हैदराबादला, कंपनीच्या लायब्ररीत,
जाड शब्दकोशात सहज पाहिलं.
मधला फ तिकडेही बरेच जण म्हणत नाहीत.
लिहितात, आणि गिळतात.

रात्री साडेनऊला फोन लावला.
"कोन? पोस्टातल्या गेडामची पोट्टी?"
मागे कुकरची शिट्टी, टीव्हीवर कुणाचं तरी भांडण.
मी सगळं सांगितलं, ओठ, जीभ, शब्दकोश,
काका, तुमचंच बरोबर होतं.
बराच वेळ नुसता श्वास.
मग ते म्हणून पाहायला लागले,
फिनाल… फिनाल…
आणि हसले.
"दात गेले ना वं माहे.
आता थ बी सांडते."

थोड्या वेळानं विचारलं,
"थेंब किती टाकतं तू?"

दोन, म्हटलं.