तीन थाऊ

दुपारी अडीचला शेवटचे पाव निघाले
आणि बस्त्याव मेस्त्री भट्टीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला,
कोपरापर्यंत ग्रीस, खांद्यावर गोणपाट,
गोणपाटात छप्पन सालच्या बुलेटचं बॅरल.
‘ह्या भाजूचा आसा,’ म्हणाला.
‘पावासारख्या नको. बिस्किटासारख्या. सावकाश.’

वेंगुर्ल्यात लेथ आहेत दोन-तीन,
लाकडाची भट्टी माझी एकच.
नाही कसं म्हणू?

आधी कुणीतरी बसवलेली स्लीव्ह
आंबोलीचा घाट चढताना सुटली होती,
खाली सरकून पिस्टन चावून गेली.
ती काढता काढता भोकच मोठं झालं.
आता बाजारातली कुठलीच त्यात धरेना,
म्हणून मेस्त्रीने बिडाच्या नळीतून नवी कातली,
बाहेरून जाड,
आणि भोकापेक्षा मुद्दाम तीन थाऊ जास्त.

‘जास्त? मग जाणार कशी?’
‘थंडपणी जावची नाय.
म्हणान तर तुझ्याकडे इलंय.’
थाऊ म्हणजे किती, तर सिगरेटचा कागद.
तीन कागद.
तेवढ्यासाठी माझी अर्धी खंडी लाकडं.

गाडी रुक्मांगद तांडेलाची.
त्याने बंदरावरून क्रेटभर बर्फ आणला, वर खडेमीठ.
त्यात स्लीव्ह उभी गाडलेली,
शेजारी चुकून राहिलेला एक बांगडा
उघड्या डोळ्याने आमच्याकडे बघत.

तासभर कुणी बोललं नाही.
वादळाच्या बावट्यालाही पानाची चंची न मिटणारा तांडेल
दोनदा उठून बाहेर जाऊन आला.

मेस्त्री बॅरलवर थुंकला.
थेंब नाचला, उडाला.
‘झाला.’
पाव ओढायच्या लांब फळीने मीच ते बाहेर ओढलं.
त्याने स्लीव्हवरचं दव पुसलं.
‘आता हातोडो नाय, जोर नाय.
गेली तर आपसून जातली.
अर्ध्यार रवली, तर उद्यापासून मीय होडयेर.’

सोडली.

ठक्.
कुणी आतून कडी घालावी, तेवढाच आवाज.

मग लाकडी ठोकळा ठेवून तो दाबून उभा राहिला,
ओठ हलत होते;
प्रार्थना होती की आकडे, मी विचारलं नाही.
निवता निवता लोखंड बारीक कुरकुरलं.
त्याने तांडेलाचा अंगठा धरला, कडेवरून फिरवला:
‘नवा खंय सुरू होता, सांग.’
दोऱ्यांनी कापून कापून दगड झालेला अंगठा,
त्याला काय कळणार.
पण माझ्या नखालाही सापडेना.

अजून आतून बोअर मारायचाय, होन करायचंय,
रिंगा कोल्हापूरहून यायच्यात.
गाडी कधी सुरू होईल, देव जाणे.

दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या घाण्याला मात्र ऑइलचा वास आला.
दाभोसवाड्याची बाई एक लादी परत घेऊन आली, तणतणत.
तांडेल बाकावर होताच.
त्याने ती तिच्या हातातूनच घेतली, पैसे मोजले,
आणि चहाही न मागता
उभ्याउभ्या सगळी खाल्ली.