विनंती थांबा

मे महिना, रात्रीचा दीड,
मानेवाड्यात भिंती अजून तापलेल्या.
खिडकीतला कूलर ओल्या वाळ्यातून धापा टाकतो,
आणि मी बर्फात उतरलो.

सर्व्हरवर बत्तीस जण दिसत होते.
आधी बरं वाटलं,
सतरा वर्षं जुन्या खेळात एवढी माणसं अजून जागी.
मग पहिलीच गोळी भिंतीपलीकडून आली,
दुसरीही तशीच,
कपाळाच्या बरोबर मधोमध.
शिवी नाही, हसणं नाही,
"कोन बे तू, कुठला?" कोणी विचारत नाही.

या नकाशात बर्फावर पावलं उमटतात,
नऊ सेकंद राहतात, मग बुजतात.
पण हे एकतीस जण एकाच रेषेत चालतात,
कारखान्यापासून पुलापर्यंत, पुलापासून कारखान्यापर्यंत,
बुजायला वेळच मिळत नाही.
बनवणाऱ्यानं कधी न आखलेला
एक रस्ता पडलाय तिथे,
गाई पाण्यावर जातात तसा.

तिसऱ्यांदा मेलो तेव्हा लक्षात आलं:
मारून झालं की हा थांबतो.
अर्धा सेकंद. मान डावीकडे.
मग पुन्हा चालू.

ही मान मी ओळखतो.

नंदनवनात डोंगरवारचं सायबर कॅफे,
तासाला पंधरा रुपये, सहा कॉम्प्युटर,
उन्हाळ्यात त्यातले दोनच चालायचे.
उईकेची खुर्ची दाराकडे पाठ करून.
त्याचे बाबा एसटीत कंडक्टर.
काटोलची गाडी सव्वासातला गणेशपेठला लागायची
आणि त्यानंतर कधीही ते दारात,
खांद्याला चामड्याची पिशवी.
बोलायचे काहीच नाहीत.
तिकिटाचा चिमटा चौकटीवर वाजवायचे, टक, टक.
दोन म्हणजे चला.
उईके उठायचा.
म्हणून तो एकाला मारायचा
आणि दार बघून घ्यायचा.

बारावीच्या सुट्टीत त्यानं बॉट लिहिला.
महिनाभर स्वतःचाच खेळ नोंदवून
त्याला शिकवलं, कुठे वळायचं, कधी वाकायचं.
मग भिंतीपलीकडचं दिसायची सोय करून दिली.
रायपूरच्या कोणाला तरी आठशेला विकला,
डोंगरवारची उधारी फेडली,
उरल्यात दोघांनी तर्री-पोहे खाल्ले.
मीही खाल्ले. तेही लिहून ठेवतो.

पावणेदोनला फोन लावला.
बुटीबोरीत नाइट शिफ्टला होता.
"चालून राहिला का बे अजून?"
खूप वेळ हसला.
मग मी त्या मानेचं सांगितलं.
पलीकडे नुसता मशीनचा आवाज.
"ते काढाले विसरलो असन," म्हणाला,
"तेवढ्यात मार ना मंग त्याले."
आणि बाबा?
"बरे आहेत. ऐकू नाही येत आता.
दिवसभर दारातच खुर्ची टाकून बसतात."

परत आलो तर तेच.
कुठकुठल्या देशात विकलेले, नकललेले, नावं बदललेले
एकतीस उईके
एकाला मारतात आणि मान वळवतात,
जिकडे दार नाही, बर्फच आहे,
सव्वासात झाले का बघतात.

अर्धा सेकंद पुरतो.
पुलाखाली दबा धरून बसलो, नेम धरला,
आणि धरूनच बसलो.
काटोल रोडला कुठे कुठे तो फलक असायचा,
विनंती थांबा,
हात केला तरच गाडी उभी राहणार.
मी बंदूक टाकली, सुरी काढली,
पुलाच्या लोखंडावर एकदाच वाजवली.
टक.

त्यानं मला मारलं.
आणि मग वळून पाहिलं.

कूलरचा पंप कोरडाच फिरत होता.
बादली घेऊन उठलो.