फक्त वाचण्यापुरता

ऑक्टोबरात ओयार्स निवृत्त झाला.
रोया बंदराच्या कचेरीत केक कापला,
आणि केकची सुरी धुऊन होण्याआधीच
मी त्याच्या नावापुढची खूण बदलली:
'संपादन' होतं, तिथे 'फक्त वाचणे'.
कुणी सांगितलं नव्हतं. नियमच आहे तसा.
जाणाऱ्याच्या हातातली पेन्सिल काढून घ्यायची,
चष्मा राहू द्यायचा.

त्या आठवड्यात आम्ही अख्खं कपाट ढगात चढवत होतो:
एकोणीसशे त्रेपन्नपासूनच्या बर्फाच्या वह्या,
वाऱ्याचे तक्ते, परत न आलेल्या होड्यांची यादी.
प्रत्येक फाइलला तेच विचारायचं,
मालक कोण, मंडळी कोण, उरलेल्या जगाला काय?
बर्फाच्या फाइलवर मालक म्हणून माझं नाव लागलं.
मी आयुष्यात बर्फ मोजलेला नाही.
विझ्मा, वय एकोणतीस, थंडी सोसत नाही.

एकोणीस जानेवारीला धक्क्यावरचा सेन्सर गोठला.
रकाना कोरा राहू लागला.
माझ्या लक्षात आलं नाही.
कोऱ्या जागेची घंटी वाजत नाही.

अकरा मेला रीगाहून विचारणा:
हिवाळ्याचे आकडे कुठे आहेत?
त्याच दिवशी यादीत आणखी एक काम होतं,
ओयार्सच्या घरच्या संगणकावरून
कचेरीचं फोल्डर काढून टाकणे.
हे आधी करू म्हटलं. सोपं होतं.

त्याच्या स्वयंपाकघरात धुरावलेल्या माशांचा वास,
खिडकीपाशी संगणक, फोल्डरच्या कोपऱ्यात
एक लाल फुली.
"ही कधीपासून?"
"जानेवारीपासून. मला वाटलं, बोयासारखी असेल.
इथे पाणी खोल आहे, एवढंच सांगणारी."

उघडलं.
एकशे बारा फाइली, सगळ्यांचं नाव एक,
मागे शेपूट: विसंगत प्रत, ओयार्सचा संगणक.
सेन्सरच्या खांबावर बर्फ चढलेला त्याने पाहिला होता.
दुसऱ्याच दिवसापासून, सकाळी सातला,
गिरमिट आणि काठी घेऊन हा निघायचा,
भोक पाडायचा, जाडी मोजायचा,
घरी येऊन एका बोटाने आकडा टंकायचा,
जतन करायचा.
जतन होतही होतं,
त्याच्याच चार भिंतींत.
वरचं दार बंद आहे
हे त्याला तोंडाने सांगणारं कुणी नव्हतं.

तीन फेब्रुवारी. एकतीस सेंटिमीटर. पूर्वेला भेग.
शेरा: कुणी वाचतंय का?
चार फेब्रुवारी. बत्तीस.
पाच फेब्रुवारी. बत्तीस.
शेरा नाही.

माझं बोट सवयीने 'पुन्हा जुळवा'वर गेलं होतं.
उचललं.
जुळवणं म्हणजे दोघांचं ऐकणं नव्हे.
ज्याच्याकडे हक्क, त्याची पाटी खरी;
माझा कोरा रकाना खाली उतरला असता,
त्याचा हिवाळा पुसून निघून गेला असता,
आणि वर हिरवी खूण:
सर्व काही अद्ययावत.

वायर उपटली.
एकशे बारा प्रती पेनड्राइव्हवर घेतल्या,
पुन्हा एकदा मोजल्या, एकशे बारा,
मग फोनवरून त्याच्या नावापुढची खूण उलटी फिरवली.
फोनने विचारलं, परवानगी कधीपर्यंत?
तारखेची चौकट भरल्याशिवाय पुढे जाता येईना.
"तुम्ही कधीपर्यंत जाणार आहात समुद्रावर?"
तो माशाचे काटे काढत होता. म्हणाला,
"गुडघा विचारून सांगतो."

मी दोन हजार नव्व्याण्णव टाकलं.

वायर जोडली. फुली गेली,
तिथे एक निळं चक्र फिरू लागलं, सावकाश,
एकेक दिवस वर चढू लागला.
सत्तावन्नाव्याला अडकलं. आम्ही मासे खाल्ले. सुटलं.
शेवटची नोंद त्याच सकाळची:
अकरा मे. बर्फ नाही. पाणी आठ अंश.

परत आल्यावर कचेरीत
तीन फेब्रुवारीचा शेरा उघडला.
त्याखाली काय लिहावं सुचेना.
'वाचलं' लिहिलं, मग खोडलं,
मग तारखेसकट पुन्हा लिहिलं.