तिवडा

मोहाडीत, बोरस्त्यांच्या जुन्या खळ्यावर
आमची तालीम चाले. द्राक्षांची खुडणी उरकलेली.
क्रेट उपडे घालून मी वर फळ्या ठोकल्या,
चार रांगा, साठ माणसं, असा हिशोब.
रंगीत तालमीला तिसरी रांग खाली बसली.
लागलं कुणाला नाही. सरपंचांचं धोतर तेवढं फाटलं.

गायधनी बाई म्हणाल्या, मिस्त्री, मनाला लावून घेऊ नका.
अथेन्सच्या चौकातली लाकडी बाकंही
अशीच मोडली होती म्हणतात.
मग लोक टेकडीच्या उतारावर जाऊन बसले,
आणि दीडएकशे वर्षांनी उतारच दगडाचा झाला.

मला राग आला.
त्या सुताराचं नाव कुणी ठेवलं नाही,
फळ्या मोडल्या, हे मात्र ठेवलं.

बाई खळ्यात फिरत सांगत होत्या,
बहुतेक असल्याच गोलात सुरू झालं सगळं.
धान्य उचललेलं, बैल सोडलेले,
द्राक्षांच्या देवासाठी गोल धरून नाचणारी माणसं.
बोकडाचं गाणं, त्यातून शोकांतिका.
मागे एक तंबू, कपडे बदलायला.
(आमचा छोटा हत्ती, ज्याच्याआड चित्रा साडी बदलते.)
पुढे तंबूची भिंत झाली, भिंतीला दारं आली.
दारं म्हटल्यावर मी जरा सावरून बसलो.

मुखवटेही होते म्हणे.
ते मला नको सांगायला.
माझा बाप पेठच्या बोहाड्याची सोंगं कोरायचा,
पांगाऱ्याला डोळे पाडून झाले की
स्वतःच चार पावलं मागे सरायचा.

रविवारी पांडवलेण्यांवर गेलो.
एका लेण्यात लेख आहे, उत्तरेकडच्या
कुणा योनकाने ते दान दिलं.
त्याने पाहिलं असेल का एखादं नाटक?
तिकडे डोंगर कोरला ऐकायला,
इथे गप्प बसायला. छिन्नी तीच.
आत उभा राहून चित्राचं वाक्य म्हणून पाहिलं.
पहारेकरी म्हणाला, बाबा, बाहेर या.

प्रयोगाला बाकं नव्हतीच.
गाव कालव्याच्या बांधावर बसलं, चढत्या ओळींनी.
चौदाजणी एका आवाजात बोलत होत्या,
जिथे पूर्वी तिवडा असे, त्याच्याभोवती.
आणि चित्रा निरगुडे चुकली.
अर्धं पाऊल पुढे पडलं तिचं,
तेराजणी थांबल्या,
तिने एकटीने उत्तर दिलं.

बाईंनी वही मिटली.
मी बांधावर सगळ्यात वर,
मांडीवर हातोडा. काम काहीच नव्हतं.