शेरा

आमच्या व्हाळाला नकाशात नाव नाही.
वहीत आहे: रानमळ्याचा व्हाळ, ठिकाणं तीन,
आठवी ब, शनिवार, साडेआठ ते दहा.

सामान फारसं नाही.
डब्याचं झाकण, निम्मं काळं निम्मं पांढरं रंगवलेलं,
कोंडीत सुतळीने सोडायचं,
दिसेनासं झालं की सुतळीला गाठ.
वेग मोजायला करवंटी.
थर्मामीटर एक, प्रयोगशाळेच्या कपाटातला,
परत केला नाही तर माझ्या पगारातून.
आणि पट्ट्या. महाग,
म्हणून उभ्या कापून अर्ध्या करतो.

पहिल्या ठिकाणी, देवराईखाली, सगळं ठीक असतं.
दगड उलटला की चतुराची पिल्लं पळतात.
मंथन झोरे ती मोजतो तेव्हा
गणिताच्या तासाचा मंथन झोरे नसतो.
रोझालिना करवंटीमागे धावते,
"सोळा सेकंद सर, नाही, सतरा,
मधे एका मुळाने तिला धरून ठेवलं होतं."
मी म्हणतो, मुळाचंही लिही.

तिसरं ठिकाण साकवाखाली.
एप्रिलचा दुसरा शनिवार. आधी वास आला,
आंबूस, गोडसर, माझ्या ओळखीचा.
वर काजूच्या बागेत तृप्ताच्या बाबांची भट्टी:
बोंडू तुडवून चिकट झालेली कोळंबी,
चोथ्यावर घोंगावणाऱ्या माश्या,
आणि भाणातलं उरलेलं, गरम, तांबूस,
दगडांमधून वाट काढत खाली.
पट्टी बुडवली. हिरवी राहायची, ती केशरी झाली.
झाकण वितीवरच दिसेनासं झालं.
एक थिगूर, पोट वर.

तृप्ता गावसकडे कुणीच बघत नव्हतं,
म्हणजे सगळे तिच्याकडेच बघत होते.

मी म्हटलं, पट्टी जुनी असेल.
पुढच्या आठवड्यात परत घेऊ,
आज रकाना मोकळा राहू दे.
मार्चमध्ये याच भट्टीवरून हुर्राकाच्या दोन बाटल्या
वर्तमानपत्रात गुंडाळून मी घरी नेल्या होत्या.
पैसे घेईना तो. "मास्तर तुम्ही," म्हणाला.

"पाकिटावर तारीख आहे, सर," तृप्ता म्हणाली.
"जुनी नाही."
आणि पेन मागितलं.

तिचं अक्षर मोठं, रकान्यात मावत नाही.
पट्टी चार. तळ दिसत नाही.
मासे: मेलेला एक. जिवंत दिसला नाही.
कारणापाशी तिने पेन थोडा वेळ नुसतं धरलं,
मग लिहिलं: आमची भट्टी.
खाली सही माझी लागते.
केली. नेहमीपेक्षा लहान आली.

पुढच्या शनिवारी तो साकवावर उभा,
लुंगी वर खोचलेली, बोटं काजूच्या डिंकाने काळी.
मला वाटलं, आता.
मुलीशी बोलला नाही. माझ्याशीही नाही.
मंथनला म्हणाला, "ती पट्टी दाखय, बगूया."
स्वतः वाकला, बुडवली,
रंगांच्या तक्त्याला लावून बघितली,
उलटी, मग सुलटी.
"आमी हेंच पाणी पितात," म्हणाला,
थांबला, आणि शब्द दुरुस्त केला:
"पिताले."

वर भट्टीजवळ कुदळीचा आवाज येत होता,
की कुणी नारळ सोलत होतं,
सांगता येत नाही. मी वर गेलो नाही.

पट्टी त्याही दिवशी केशरीच. साडेचार, फार तर.
करवंटीला एकोणीस सेकंद लागले.
आणि शेऱ्याच्या रकान्यात,
मोठ्या अक्षरात, रेघेबाहेर जात:
आज बाबा आले होते.